रोमहर्ष : एका शब्दाची कुळकथा

रायपूर हे तलावांचे गाव. पौषातल्या पहाटे तिथल्या एखाद्या तलावाच्या पायरीवर स्नानाला आलेला मनुष्य गार पाण्यात पाऊल टाकतो आणि त्याच्या दंडावरची लव एकदम उभी राहते. गोष्ट एकच, पण ती सांगण्याची रीत माणसागणिक वेगळी. छत्तीसगढी बोलणारा म्हणेल की रुआँ उभा राहिला. हिंदी बोलणारा म्हणेल की रोंगटे उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदत असलेल्या मराठी घरातली आजी म्हणेल, 'अगबाई, अंगावर काटाच आला!' आणि शेजारी संध्येला बसलेले शास्त्रीबुवा असतील, तर ते याच प्रकाराला रोमांच म्हणतील. किंवा त्याहूनही जुना शब्द काढून म्हणतील, रोमहर्ष.

या सर्व शब्दांत रोमहर्ष हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. रुआँ आणि रोंगटे हे शब्द सरळ केसांकडे बोट दाखवतात. काटा हा शब्द डोळ्यांना जे दिसते त्याचे चित्र काढतो. रोमांच म्हणजे रोमांचे वर उठणे. परंतु रोमहर्ष म्हणजे काय? रोमांना झालेला हर्ष? गार पाण्याने कुडकुडणाऱ्या, अंधारात साप पाहून दचकलेल्या किंवा मृत्यूची वार्ता ऐकून थिजलेल्या माणसाच्या केसांना हर्ष कशाचा व्हावा? आनंदाचा वाचक असलेला शब्द भीतीच्या आणि थंडीच्या दारात कसा येऊन बसला, याचा शोध घेऊ लागले की एका शब्दाबरोबर भाषेचा, शास्त्राचा आणि रायपूरच्या एका थोर मराठी माणसाचाही इतिहास उलगडू लागतो.

प्रथम शरीराचे म्हणणे ऐकावे. प्रत्येक रोमाच्या मुळाशी एक अतिसूक्ष्म स्नायू असतो. थंडी वाजली, भय वाटले किंवा मन एकाएकी हेलावले, म्हणजे आपल्या इच्छेवर न चालणारी मज्जासंस्था त्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा देते. केस उभा राहतो आणि त्याच्या बुडाशी त्वचेला लहानसा उंचवटा येतो. मांजर कुत्र्यासमोर अंग फुगवते ते याच यंत्रणेने. चार्ल्स डार्विनने मनुष्याच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरचा आपला ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला, त्यात या केस फुलवण्याचा विस्ताराने विचार केला आहे. अंगभर दाट केस असलेल्या पूर्वजांना त्याचा उपयोग ऊब धरण्यासाठी आणि शत्रूला मोठे दिसण्यासाठी होत असे. माणसाची लोकर गेली, पण स्नायू राहिला. २०२० साली तर संशोधकांनी असेही दाखवून दिले की हा स्नायू आणि त्याला जोडलेली मज्जा ही दोन्ही केसांच्या मुळातील नवनिर्मिती करणाऱ्या पेशींना जागे करण्याचे कामही करतात. सारांश, शरीरापाशी या प्रसंगासाठी एकच खूण आहे. भय असो, थंडी असो वा आनंद असो, तो एकच स्नायू ओढला जातो. त्या खुणेचा अर्थ लावणे हे काम शरीराने मनावर आणि मनाने भाषेवर सोपवले आहे.

भाषांनी ते काम आपापल्या अंगणात पाहून केले. इंग्रज व जर्मन लोकांना पिसे उपटलेल्या हंसाची कातडी आठवली. फ्रेंच व स्पॅनिश लोकांना कोंबडीची आठवली. स्वयंपाकघरातून आलेल्या या उपमा आहेत. आपल्याकडच्या कवींची नजर मात्र रानाकडे गेली. संस्कृतात रोमांचाला कंटक असेही म्हणतात आणि ज्याचे अंग शहारले आहे तो कंटकित होतो. मराठीतला काटा हा त्याच कल्पनेच्या कुळातला. दुसरी आवडती उपमा कदंबाची. विदर्भातील पद्मपूर हे ज्याने आपले मूळ गाव म्हणून सांगितले, त्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात ती फार हळुवारपणे वापरली आहे. बारा वर्षांच्या विरहानंतर, कोणालाही न दिसणारी सीता रामाला स्पर्श करते. तिचे घर्मबिंदूंनी भिजलेले, थरथरणारे, रोमांचित अंग पाहून तमसा नदीला पहिल्या पावसाच्या वाऱ्याने हललेली, कळ्यांनी भरलेली कदंबाची डहाळी आठवते. तो रोमांच प्रियाच्या स्पर्शसुखाचा, असे भवभूती त्याच श्लोकात सांगतो.

आता रोमहर्षाकडे वळू. या शब्दातील हर्ष ज्या 'हृष्' धातूपासून आला, त्याचा आपल्या ओळखीचा अर्थ संतुष्ट होणे, आनंदणे असा आहे. परंतु जुन्या शास्त्रांत शिरले की याच धातूची दुसरी बाजू दिसू लागते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात या धातूसाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. केसांविषयी बोलायचे असेल तेव्हा या धातूपासून 'हृष्ट' आणि 'हृषित' अशी दोन्ही रूपे चालतात, असा त्याचा आशय. एका धातूच्या एका रूपासाठी सूत्रकाराने लोमांचा नावानिशी उल्लेख करावा, यावरूनच हृष् आणि केस यांचा संबंध त्याच्या काळी किती घट्ट होता हे दिसते. कात्यायनाने आपल्या वार्तिकात त्यात विस्मय आणि प्रतिघात हे आणखी दोन अर्थ जोडले. प्रतिघाताचे उदाहरण म्हणजे दात आंबणे.

दात आंबण्यात आनंद कोणता, असे कोणी विचारील. आयुर्वेद त्याचे उत्तर देतो. थंड किंवा आंबट पदार्थाच्या स्पर्शाने दात शिवशिवतात त्या विकाराला वैद्यांनी दंतहर्ष म्हटले आहे. पायांना झिणझिण्या येतात त्याला पादहर्ष म्हटले आहे. ज्वर येण्यापूर्वी अंगावर जे शहारे येतात ते रोमहर्ष. यांपैकी एकाही ठिकाणी आनंदाचा लवलेश नाही. म्हणजे हृष् धातूचा मूळ अर्थ आनंदणे हा नसून ताठ उभे राहणे, शहारणे, शिवशिवणे हा असला पाहिजे. आनंद हा त्या शहारण्याचा पुढे झालेला एक अर्थ. मन इतके भरून आले की अंगावरची लव उभी राहिली, त्या अवस्थेला हर्ष म्हणू लागले. आणि कालांतराने लव विसरली गेली, नुसता आनंद उरला. मूळ अर्थ मात्र रोमहर्षासारख्या जुन्या सामासिक शब्दांत, कोरड्या पडलेल्या नदीच्या डोहात पाणी राहावे तसा, शिल्लक राहिला.

या अनुमानाला पुष्टी मिळते ती अगदी दूरच्या देशातून. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ झऱ्यातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. त्यानंतर भाषापंडितांनी धातूंची जी कुळे लावली, त्यांत आपला हृष् धातू आणि लॅटिनमधील 'होर्रेरे' हे क्रियापद सख्खी भावंडे ठरली. होर्रेरे याचा अर्थ केस ताठ उभे राहणे, थरकाप होणे. त्यापासूनच 'हॉरर' हा शब्द निघाला, जो इंग्रजीवाटे आज आपल्या चित्रपटगृहांच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. रोमहर्षाला इंग्रजीत जो विद्वज्जड शब्द आहे तो 'हॉरिपिलेशन'; त्यातला पूर्वार्ध उभे राहण्याचा आणि उत्तरार्ध केसाचा. म्हणजे रोमहर्षाचीच उलट्या क्रमाने केलेली घडण. काही पंडित तर कुसळांनी भरलेल्या जवाच्या कणसाचे लॅटिन व जर्मन नावही याच मुळाशी जोडतात.

एकाच आईची ही दोन मुले. एक पूर्वेला आले आणि त्याने हर्ष हे नाव धारण केले. दुसरे पश्चिमेला गेले आणि हॉरर झाले. दोघांच्याही अंगावर तोच काटा आहे.

या शब्दाने आपल्याकडे एका व्यक्तीलाही नाव दिले आहे. व्यासांनी ज्याला पुराणे शिकवली त्या सूताचे नाव रोमहर्षण अथवा लोमहर्षण. त्याचे कथन ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत, म्हणून त्याला हे नाव पडले, असे पुराणातच सांगितले आहे. वक्त्याला नाव मिळाले ते श्रोत्यांच्या शरीरावरून, ही कल्पनाच मनोहर आहे. परंतु या रोमहर्षणाचा शेवट करुण झाला. नैमिषारण्यात ऋषींच्या सत्रात तो व्यासपीठावर बसला असता बलराम तिथे आले. सारे ऋषी उठून उभे राहिले. सूत मात्र उठला नाही. बलरामांनी क्रोधाने कुशाच्या अग्राने त्याचा वध केला. तेव्हा ऋषी कळवळून म्हणाले की हे आसन आम्हीच त्याला दिले होते, वक्त्याने आसन सोडायचे नसते. बलरामांना या कृत्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि रोमहर्षणाच्या जागी त्याचा पुत्र उग्रश्रवा पुराणे सांगू लागला. महाभारत आज आपल्याला ज्या चौकटीत मिळते, ती चौकट याच उग्रश्रव्याच्या कथनाची आहे.

येथून ही कथा रायपूरला येते.

छत्तीसगढात मराठीचे पाऊल पडले ते नागपूरकर भोसल्यांबरोबर. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीत रतनपूरचे हैहयवंशी राज्य भोसल्यांच्या अंकित झाले. १७५८ साली रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तिथूनच कारभार पाहिला. त्यांच्या राज्यात मोडी लिपी आणि मराठी भाषा दप्तरात रुळली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी राजधानी रतनपुराहून रायपुरास हलवली, तेव्हा कारकून, वकील, शिक्षक अशी अनेक मराठी घराणी तिथे स्थिरावली. घरात मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात छत्तीसगढी आणि सभेत हिंदी, असा चार भाषांचा संसार ती करू लागली.

अशाच संस्कारांत माधवराव सप्रे वाढले. त्यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी आपले सारे आयुष्य हिंदीला वाहिले. १९०० साली पेंढ्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे हे त्याचे प्रकाशक आणि रामराव चिंचोलकर हे सहसंपादक. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी. तीन वर्षे चाललेल्या त्या मासिकात सप्र्यांची जी कथा आली, तिला अनेक अभ्यासक हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. पुढे १९०७ साली त्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला आणि लोकमान्यांचे विचार हिंदी वाचकांपुढे मांडू लागले.

१९०८ साल उजाडले. जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. ऑगस्टमध्ये सप्र्यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या दडपणापुढे त्यांचे काही चालले नाही. त्याच वर्षी क्षमापत्र देऊन ते सुटले. त्या क्षमापत्राचा सल त्यांच्या मनात फार खोल गेला. सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले, वर्ध्याजवळ हनुमानगढी येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांपाशी राहिले, मधुकरी मागून त्यांनी दासबोधाची पारायणे केली आणि तो ग्रंथ हिंदीत उतरवला. मग रायपूरला परतून त्यांनी हाती घेतले ते टिळकांचे 'गीतारहस्य'.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, रायपूरच्या रामदासी मठातून, सप्र्यांचे हिंदी भाषांतर तयार झाले. आता योगायोग असा की या ग्रंथात आपला शब्द दबा धरून बसला आहे. पहिल्या अध्यायावरील एका टीपेत टिळकांनी 'हृषीकेश' या नावाची चर्चा केली आहे. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश, ही रूढ व्युत्पत्ती. पण हृषी आणि केश अशीही फोड होऊ शकते. ज्याचे केश उभे राहिलेले वा आनंद देणारे आहेत तो हृषीकेश. महाभारतातील नारायणीय उपाख्यानात सूर्यचंद्राचे किरण हेच त्याचे जग आनंदवणारे केश, असा अर्थ दिलेला आहे. सूताच्या पित्याचे रोमहर्षण हे नाव लक्षात घेतले म्हणजे ही दुसरी फोडही अगदीच असंभवनीय म्हणता येत नाही, असा टिळकांचा अभिप्राय. तुरुंगात लिहिणाऱ्या त्या पंडिताची नजर नेमकी या धातूवर थांबली होती.

भाषांतरकारापुढची अडचण येथे ध्यानी घ्यावी. 'अंगावर काटा आला' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून हिंदीत नेले, तर वाचक अंगात रुतलेला काटा शोधू लागेल. 'रोंगटे' लिहावे तर हर्ष हरवतो. 'रोमहर्ष' तसाच ठेवावा तर साधा वाचक त्यात आनंद पाहतो. अर्जुनाची अवस्था तर आनंदाच्या नेमकी उलट टोकाची. दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला मनुष्यच शब्दाच्या या दोन्ही बाजू एकदम पाहू शकतो. एका भाषेत राहणाऱ्याला त्या दिसण्याचे कारणच पडत नाही.

गीतेत हा धातू कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या अध्यायात समोर आप्तस्वकीय पाहून अर्जुनाला कंप सुटतो आणि रोमहर्ष होतो. तो शोकाचा आणि भयाचा. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून त्याचे रोम पुन्हा उभे राहतात. या वेळी विस्मयाने. त्याच अध्यायात तो हृषीकेशाला हाक मारून म्हणतो की तुझ्या कीर्तीने जग हर्षते आणि राक्षस भिऊन दाही दिशांना पळतात. हृषीकेश, हर्ष आणि भय तिन्ही एकाच श्लोकात. आणखी थोड्या अंतरावर तो सांगतो की कधी न पाहिलेले पाहून मी हृषित झालो आहे आणि माझे मन भयाने व्याकुळही झाले आहे. पाणिनीने नोंदवलेली हृष्ट आणि हृषित ही दोन्ही रूपे एकाच अध्यायात, आणि हर्ष व भय एकाच श्वासात. व्युत्पत्तिशास्त्राने शेकडो वर्षांनी जे सिद्ध केले, ते गीताकाराच्या कानाला आधीच ठाऊक होते असे वाटते.

आणि शेवट? अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन आपला संदेह गेल्याचे सांगतो, स्थिर उभा राहतो. आता त्याच्या अंगावर रोमांच नाहीत. रोमहर्ष होतो तो संजयाला. आपण ऐकलेला हा संवाद रोमहर्षण आहे आणि तो आठवून आठवून आपल्याला पुनःपुन्हा हर्ष होतो, असे तो धृतराष्ट्राला सांगतो. संजय हाही सूतच. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो शांत झाला, आणि शहारा उरला तो ऐकणाऱ्याच्या अंगावर.

सप्र्यांच्या मनात हे श्लोक हिंदीत उतरवताना काय आले असेल, हे कोणी सांगू नये. परंतु ज्याने आपले शस्त्र एकदा खाली ठेवले होते, त्यानेच रथात खाली बसलेल्या योद्ध्याला उठवणारा ग्रंथ कोट्यवधी हिंदी वाचकांच्या हाती दिला, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. त्यापुढे त्यांनी चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचेही हिंदीत भाषांतर केले आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये रायपुरातच देह ठेवला. त्यांच्या नावाची शाळा त्या गावात आहे.

आज वर्तमानपत्रांत रोमहर्षक हे विशेषण बहुधा क्रिकेटच्या सामन्याला लागते. त्यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. अखेरच्या षटकात श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकाला भीती आणि आनंद यांतले नेमके काय वाटत असते, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. जुना शब्द आपले जुनेच काम करीत आहे. १९६३ च्या गांधीजयंतीला रायपुरात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. न दिसणाऱ्या वक्त्याचा आवाज दूरच्या घरात पोहोचावा आणि तिथे कोणाच्या तरी दंडावरची लव उभी राहावी, ही रोमहर्षणाचीच विद्या. सूताचे आसन बदलले. श्रोत्याचे अंग तेच आहे.